सांध्याच्या आत काय आहे?

विमानाचे भाग रिव्हेटने जोडावेत की चिकटवावेत, हा वाद 1930 च्या दशकात रंगला आणि अजून मिटलेला नाही. खाली बोलणारे दोघे मी रचलेले आहेत. त्यांच्या बोलण्यात येणारी माणसं, विमानं आणि अपघात मात्र खरे आहेत. मामा मुंबईतल्या एका हँगरमध्ये विमानांचं पत्राकाम करून निवृत्त झालेले. भाची बंगळूरला पॉलिमरवर संशोधन करते. अधूनमधून मीही बोलणार आहे, कारण या विषयात मला माझं मत आहे.

मामा : अगं, रिव्हेट स्वतःहून सांगतं. सैल झालं की त्याच्या भोवती काळपट ओघळ धरतो. बॅटरी पत्र्यावर तिरपी धरली की फुगवटा दिसतो. नवशिक्या पोरालाही दाखवलं की कळतं. तुझा चिकटवलेला सांधा वरून गुळगुळीत, आणि आत काय चाललंय ते देवाला ठाऊक. जे तपासता येत नाही त्यावर माणसं बसवायची?

भाची : पण मामा, रिव्हेट ठोकायचं तर आधी भोक पाडावं लागतं. पत्रा ओढला गेला की गोल भोकाच्या काठावर आजूबाजूच्या तिप्पट ताण येतो. एका पत्र्यावर अशी हजारो भोकं. प्रत्येक उड्डाणात केबिन फुगते, उतरताना सैलावते, आणि भेग सुरू व्हायची ती भोकाच्या काठाशीच. 1954 मध्ये दोन कॉमेट विमानं भूमध्य समुद्रावर हवेत फुटली. फार्नबरोच्या शास्त्रज्ञांनी एका कॉमेटचा सांगाडा पाण्याच्या टाकीत ठेवून पुन्हा पुन्हा दाब दिला, तेव्हा धातूचा थकवा उघड झाला. चिकटवलेल्या सांध्यात भोकच नसतं. भार सगळ्या पृष्ठभागावर पसरतो.

मामा : कॉमेटमध्ये तुझं चिकटद्रव्यही होतं की!

भाची : होतं. रेडक्स. पण भेग चिकटलेल्या पट्टीत सुरू झाली नाही, भोकापाशी झाली.

मामा : बरं, मग मी तुला 1931 सांगतो. 31 मार्च. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात फोकर एफ-10 जातीचं प्रवासी विमान पडलं, आठही जण गेले. त्यात नूट रॉकने हा तिकडचा फार लाडका फुटबॉल प्रशिक्षक होता, म्हणून देशभर हलकल्लोळ झाला. पंख लाकडी होता, वरून प्लायवूडने बंद केलेला. आत ओल शिरली, स्पारच्या, म्हणजे पंखातल्या मुख्य तुळईच्या, जोडातला सरस सुटला आणि पंख हवेतच तुटला. तपासायचं तर प्लायवूड उचकटूनच बघावं लागलं असतं. म्हणजे तपासणीसाठी विमान मोडायचं. कोण करणार होतं ते? त्यानंतर तिकडे लाकडावरचा विश्वासच उडाला आणि धातूची विमानं पुढे आली.

भाची : धातू आला याचं एकच कारण नव्हतं. एरिक शॅट्झबर्ग या इतिहासकाराने दाखवून दिलंय की लाकूड म्हणजे जुनं आणि धातू म्हणजे प्रगती, या समजुतीचाही त्यात मोठा हात होता. धातूचं विमान हलकं होतं म्हणून जिंकलं असं सरळ म्हणता येत नाही. पण तुझा मुद्दा मी मान्य करते. त्या काळची चिकटद्रव्यं ओलीपुढे टिकत नव्हती. जनावरांच्या कातड्याहाडांचा सरस, रक्तातलं अल्ब्युमिन, दुधातलं केसीन. सगळी प्रथिनं. ओल धरली की त्यांना बुरशी लागते, जिवाणू खातात. पहिल्या महायुद्धातली विमानं अशा गोंदांवरच उडाली. आणि म्हणूनच तर संशोधन सुरू झालं.

मामा : कोणी केलं?

भाची : केंब्रिजच्या नॉर्मन डी ब्रुइनने. जन्म 1904, चिली देशातल्या पुंता अरेनासचा. वडील डच, आई इंग्रज. रदरफर्डच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत पदार्थविज्ञान केलं, ट्रिनिटी कॉलेजचा फेलो झाला, आणि मग विमान चालवायला शिकून त्याच्याच नादाला लागला. डक्सफर्डला कंपनी काढली, 1934 पासून तिचं नाव एअरो रिसर्च. त्याच वर्षी स्नार्क नावाचं चार जणांचं विमान स्वतः बांधून उडवलं. प्लायवूडचं आवरणच भार पेलेल, अशी त्याची रचना. विमान एकच झालं. पण आवरणाने भार पेलायचा तर ते खालच्या सांगाड्याला पक्कं चिकटलेलं हवं, आणि हातात होतं केसीन. त्याला जे हवं होतं ते बाजारात नव्हतं, म्हणून त्याने ते स्वतः बनवायला घेतलं. 1937 मध्ये त्याचं एरोलाइट आलं, युरिया आणि फॉर्मल्डिहाइडपासून केलेली राळ. बुरशीला त्यात खायला काही नव्हतं.

मामा : आणि प्लास्टिकची विमानं? बेकेलाइटची म्हणे काहीतरी खटपट चालली होती.

भाची : बेकेलाइट 1907 चं, लिओ बेकलंडचं. फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड. कडक, उष्णतेला दाद न देणारं, पण ठिसूळ. विजेच्या बटणांना उत्तम, पंखाला निरुपयोगी. डी ब्रुइनने त्यात जवसाच्या खोडाचे धागे घातले.

मामा : जवस? आपण चटणी करतो ते?

भाची : तीच वनस्पती. आपल्याकडे तेलबियांसाठी लावतात, युरोपात धाग्यासाठीही, लिनन त्याचंच. सगळे धागे एका दिशेला ताणून राळेत भिजवायचे आणि गरम दाबाखाली घट्ट करायचे. धागा ओढ पेलतो, राळ धाग्यांना जागेवर धरून ठेवते. गॉर्डन एरोलाइट असं त्याचं नाव. त्यातून ब्लेनहाइम बाँबफेकी विमानासाठी पंखाचा स्पार करून बघितला. युद्ध लागल्यावर ॲल्युमिनियम कमी पडेल अशी भीती होती, म्हणून स्पिटफायरचा अख्खा धडसुद्धा त्यातून घडवला.

मामा : उडालं?

भाची : नाही. ॲल्युमिनियम मिळत राहिलं, त्यामुळे गरजच उरली नाही. पण आज तेजसच्या रचनेत वजनाने सुमारे 45 टक्के कार्बन-कॉम्पोझिट आहे, बोइंग 787 मध्ये निम्मं. धागा बदलला, राळ बदलली, कल्पना डक्सफर्डची तीच आहे.

मामा : कार्बनच्या गोष्टी मला नको सांगूस. रोल्स-रॉइसने आरबी-211 इंजिनाच्या पंख्याला कार्बनची पाती लावली होती. पक्षी आदळण्याच्या चाचणीत ती टिकली नाहीत. मुकाट्याने टायटॅनियमकडे यावं लागलं, आणि फेब्रुवारी 1971 मध्ये एवढी मोठी कंपनी बुडाली.

भाची : फक्त पात्यांमुळे नाही बुडाली. तरी पात्यांबद्दल तू म्हणतोस ते खरं आहे. धाग्यांच्या दिशेने अफाट ताकद आणि आडव्या माराला दुबळेपणा, हे त्यांना फार उशिरा उमगलं.

आता दोघं मॉस्किटोवर येतात. इथे मी वाचकाला थोडं रेंगाळायला सांगेन, कारण आपला देश या कथेत खरोखर येतो.

डी हॅविलंड कंपनीचं मॉस्किटो 25 नोव्हेंबर 1940 ला पहिल्यांदा उडालं. धडाची भिंत तीन थरांची : आत-बाहेर बर्चचं पातळ प्लायवूड, मधे बाल्सा. धड दोन अर्ध्या भागांत साच्यावर घडवायचं आणि मग मधोमध जोडायचं. फर्निचरचे आणि पियानोचे कारखाने त्याचे भाग बनवत होते. एकूण साडेसात हजारांहून जास्त मॉस्किटो बांधली गेली. आधी केसीन वापरलं, पुढे युरिया-फॉर्मल्डिहाइडच्या राळी आल्या.

मामा : आणि ती आपल्याकडे आल्यावर उसवली. हेच मी म्हणतोय. 1944 च्या पावसाळ्यानंतर ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी हिंदुस्थानात आलेल्या मॉस्किटोंना अपघात झाले. पंखाचं वरचं आवरण स्पारपासून सुटलं म्हणे. नोव्हेंबरमध्ये विमानं जमिनीवर बसवावी लागली. चिकटवलेलं विमान मान्सूनमध्ये टिकत नाही, याहून मोठा पुरावा काय हवा?

भाची : तोच तर पुरावा नाही! सगळे हेच म्हणाले होते. आधी म्हणाले उन्हाने आणि पावसाने केसीन तडकलं. मग मेजर हेरवर्ड डी हॅविलंड तपासाला आले. डिसेंबरच्या सुरुवातीला त्यांचा अहवाल आला की दोष गोंदाचा नाही, पावसाळ्यात विमानाची लाकडी चौकट आकसली. कारण बदललं, पण आरोपी आपलं हवामानच राहिलं. त्यानंतरच्या तपासात मात्र निघालं की दोष बांधणीत होता. इंग्लंडमध्येच काही मॉस्किटो उघडून बघितली, हॅटफील्ड आणि लेव्हस्डनच्या कारखान्यांत बांधलेली. त्यांच्यात तसेच दोष सापडले. त्यांतल्या एकानेही मान्सून पाहिला नव्हता, एकालाही वाळवी लागली नव्हती. गोंद लावण्याचं कामच नीट झालं नव्हतं.

मामा : असं? हे मला माहीत नव्हतं. पण मग माझंच म्हणणं जास्त पक्कं झालं ना? कारखान्याच्या दारातून ते विमान बाहेर पडलं तेव्हा कोणाला तरी दिसलं का की सांधा धरलेला नाही?

चिकटवण्याच्या साऱ्या इतिहासात मला हा प्रसंग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पाऊस दिसतो, ऊन जाणवतं. दोन फळ्यांच्या मधला गोंदाचा थर दिसत नाही. जे दिसतं त्याच्यावर दोष जातो. आपल्या मान्सूनवर तो फार सहज गेला, आणि मूळ कारण हॅटफील्डच्या कामात होतं हे कळायला आणखी तपास लागला. मामांचा प्रश्न इथे अचूक आहे. पण त्यांचा निष्कर्ष, म्हणजे चिकटवूच नये, मला पटत नाही. तेव्हा चिकटवण्याचं रसायन सुधारलं होतं, चिकटवण्याचं काम नव्हतं.

भाची : जर्मनांचं तर आणखी वाईट झालं. त्यांच्याकडे टेगो फिल्म होती, फिनॉलच्या राळेचा कोरडा कागद. लाकडाच्या थरांमधे घालून गरम दाबायचा. तो बनवणारा वुपरटालचा कारखाना ब्रिटिश बाँबहल्ल्यात गेला. त्यांनी घाईने दुसरं चिकटद्रव्य आणलं, ते आम्लधर्मी. लाकूडच आतून खाल्लं गेलं. जून 1944 मध्ये त्यांचं टाँक 154 विमान हवेत मोडलं. डिसेंबरात हाइन्केल 162 चा पंख प्रात्यक्षिकातच सुटला आणि वैमानिक गेला.

मामा : म्हणजे चांगलं चिकटद्रव्यसुद्धा एका कारखान्यावर अवलंबून. ॲल्युमिनियमचं रिव्हेट दहा ठिकाणी बनतं.

भाची : हो, पुरवठ्याबाबत तुझं बरोबर आहे. पण आता धातू चिकटवण्याचं ऐक, कारण खरी अवघड गोष्ट तीच होती. लाकूड सच्छिद्र असतं, गोंद आत मुरतो. ॲल्युमिनियमवर मुरायला जागा नाही. वर ऑक्साइडचा थर, त्यावर तेलाचा अंश. राळ धातूला चिकटतच नाही, त्या घाणीला चिकटते. 1941 मध्ये डी ब्रुइन आणि जॉर्ज न्यूवेल यांनी जे काढलं ते रेडक्स. फिनॉलची द्रव राळ पत्र्यावर लावायची, ती ओली असतानाच त्यावर पॉलिव्हिनिल फॉर्मलची भुकटी पसरायची, जादाची झटकायची, आणि दोन पत्रे गरम दाबाखाली धरायचे, साधारण 150 अंशांवर.

मामा : दाब कशाला? गरम केलं की राळ घट्ट होतेच ना?

भाची : फिनॉलची राळ घट्ट होताना पाणी सोडते. दाब नसेल तर त्या वाफेचे बुडबुडे सांध्यातच राहतात आणि सगळा थर पोकळ होतो. आणि भुकटी हवी, कारण नुसती फिनॉल राळ काचेसारखी तडकते. पॉलिव्हिनिल फॉर्मल चिवट असतं. एक पदार्थ धरतो, दुसरा वाकतो. आधी ते चर्चिल आणि क्रॉमवेल रणगाड्यांच्या क्लचमध्ये वापरलं. विमानात पहिल्यांदा 1944 च्या हॉर्नेटमध्ये, तिथे ॲल्युमिनियम लाकडाला जोडलं होतं. मग 1945 चं डव्ह.

मामा : डव्ह! त्याचंच लष्करी रूप डेव्हॉन. आपल्या हवाई दलात होतं ते.

भाची : हो, म्हणजे रेडक्सने जोडलेलं विमान आपल्याच हवाई दलाने उडवलंय. पण मामा, रेडक्सपेक्षा मला त्याच्या आधीची पायरी मोठी वाटते. पत्र्याची तेलकटी काढायची, मग क्रोमिक आणि सल्फ्युरिक आम्लाच्या द्रावणात तो बुडवायचा. जुना, कच्चा ऑक्साइड जातो आणि राळेला धरून ठेवणारा नवा थर येतो. मग धुताना बघायचं. पाणी अखंड पसरलं तर पत्रा स्वच्छ. थेंब थेंब होऊन फुटलं तर परत टाकीत. आणि त्यानंतर उघड्या हाताने शिवायचं नाही. बोटाच्या एका ठशाचं तेलसुद्धा सांधा सोडवतं.

मामा : हे बघ, हे मला आवडलं. पाणी फुटतं की नाही, हे डोळ्यांना दिसतं.

भाची : दिसतं, पण चिकटवण्याच्या आधी. नंतर नाही.

मामा : तेच म्हणतोय मी! नंतरचं काय? सॉनिक, अल्ट्रासॉनिक काय काय आलंय म्हणतात.

भाची : अल्ट्रासाउंडने पोकळी सापडते, सुटलेला भाग सापडतो. पण दोन पृष्ठभाग एकमेकांना नुसते टेकलेले असतील, धरलेले नसतील, तर लहर आरपार जाते आणि सगळं ठीक दिसतं. सांध्यात राळ आहे एवढं यंत्र सांगतं. ती किती धरून आहे ते सांगत नाही.

मामा : आणि म्हणून अलोहा एअरलाइन्सचा अपघात झाला. 28 एप्रिल 1988, हवाई बेटं. बोइंग 737 चं छत उडालं. वैमानिकांनी ते तसंच उतरवलं, पण एक हवाई परिचारिका गेली. त्या सुरुवातीच्या 737 मध्ये पत्र्यांचे जोड थंड चिकटवलेले होते. समुद्राची खारी हवा, ओल. चिकटपट्टी सुटली, आत गंज चढला.

भाची : पूर्ण सांग. चिकटपट्टी सुटल्यावर भार कोणावर गेला?

मामा : ...रिव्हेटवर.

भाची : आणि भेगा कुठे पडल्या?

मामा : भोकांच्या काठांना. ते विमान नव्वद हजारांच्या आसपास उड्डाणं करून बसलं होतं. भोकं वरून खोलगट केलेली, काठ सुरीसारखे पातळ. मान्य आहे. पण चिकटवणं नीट झालं असतं तर रिव्हेटवर ही वेळ आली नसती.

भाची : आणि ते नीट झालंय की नाही हे तेव्हा कोणी सांगू शकत नव्हतं. तेही मान्य आहे.

या अपघातावर दोघंही खरं बोलतात. माझ्या मते मात्र दोष आधी चिकटवण्याकडे जातो. थंड चिकटवण्याची पद्धत सोपी म्हणून घेतली होती. डक्सफर्डच्या कडक शिस्तीतली आम्लाची टाकी, उष्णता आणि दाब यांच्या जागी सोय आली, आणि सोयीची किंमत विमानातल्या माणसांनी मोजली. बोइंगने हे लवकर ओळखून जोडाची रचना बदलली होती, पण आधी विकलेली विमानं उडतच राहिली.

मामा : मग आता नियम काय म्हणतो?

भाची : एखादा चिकटवलेला सांधा सुटला आणि त्यामुळे विमान जाऊ शकत असेल, तर अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनुसार तीनपैकी एक गोष्ट सिद्ध करावी लागते. एक, सांधा सुटला तरी ते सुटणं ठरावीक जागेपलीकडे पसरणार नाही अशी रचना. दोन, तयार झालेल्या प्रत्येक भागावर उड्डाणात येऊ शकणारा कमाल भार देऊन बघणं. तीन, सांध्याची ताकद खात्रीने सांगणारी, विमानाला धक्का न लावणारी तपासणी.

मामा : पहिली म्हणजे आमची रिव्हेटं. चिकटवलेल्या सांध्याच्या कडेला चार रिव्हेटं घालायची.

भाची : हो. चिकन रिव्हेट, म्हणजे भित्र्यांचं रिव्हेट, म्हणतात त्यांना, पण मला ते नाव अन्यायाचं वाटतं. चिकटवलेला सांधा ओढल्यावर घट्ट असतो, पण कडेपासून सोलला की पटकन सुटतो. 1944 मध्येच गोलंड आणि राइसनरने गणिताने दाखवलं की एकावर एक चढवलेल्या सांध्याला ओढलं की तो थोडा वाकतो आणि कडेला सोलणारा ताण येतो. कडेला रिव्हेट असलं तर सोलणं तिथेच थांबतं. त्यात भित्रेपणा कसला?

मामा : म्हणजे तुझ्या विमानात माझं रिव्हेट अजून आहे.

भाची : आहे. आणि मी ते काढा म्हणत नाही. भार मात्र राळेने पेलावा.

मामा : मला तिसरी गोष्ट हवी. तपासणी.

भाची : ती अजून कोणाकडेच नाही.

मामा : मग तुम्ही काय करता?

भाची : टाकीतल्या आम्लाची नोंद ठेवतो. खोलीतल्या दमटपणाची नोंद ठेवतो. पत्रा टाकीतून निघाल्यापासून राळ लागेपर्यंत किती वेळ गेला ते लिहितो. प्रत्येक खेपेबरोबर छोट्या पट्ट्या चिकटवतो आणि त्या तोडून, सोलून बघतो. राळ दोन्ही बाजूंना सारखी फाटलेली असली तर चांगलं. एक बाजू उघडी, चकचकीत निघाली की अख्खी खेप बाद.

मामा : आणि त्या वहीत खोटं लिहिलं तर?

भाची : तर सांधा खोटा.

मामा : मग तुझ्या कारखान्यात माझ्यासारखा एक खवट माणूस नेम. वही तपासायला.

डी ब्रुइनच्या नावावर रेडक्स आणि एरोलाइट लिहिलेलं असतं. माझ्या मते त्याचं मोठं काम वेगळं आहे. चिकटणं हे पदार्थाइतकंच पृष्ठभागाचं आणि हाताच्या शिस्तीचं काम आहे, हे त्याने कारखान्यात उतरवून दाखवलं. मॉस्किटोच्या सांध्यात तीच गोष्ट कमी पडली, अलोहाच्या जोडातही तीच. मार्गदर्शक सूचनांमधला तिसरा मार्ग, सांधा न मोडता त्याची ताकद सांगण्याचा, अजून मोकळा आहे. पुणे, मुंबई, बंगळूरला पॉलिमर, पृष्ठभागशास्त्र किंवा ध्वनिशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी नवी राळ शोधण्याआधी हा प्रश्न हाती घ्यावा, अशी माझी त्यांना मनापासून विनंती आहे.